निजामाचा मानववंशशास्त्रज्ञ : फ्यूरर-हायमेनडॉर्फ, मार्लवाईची शाळा आणि आपण

हैदराबादच्या माधापूर-गच्चीबावली भागातील काचेच्या इमारतींतून आज ज्या बड्या कंपन्या नांदतात, त्यांच्यापैकी बहुतेकींत एक विभाग असा असतो की ज्याचे काम माल तयार करणे हे नाही आणि तो विकणे हेही नाही. या विभागाचा एक हात शाळांना, दवाखान्यांना आणि खेड्यांना पैसा देत असतो. दुसरा हात कंपनीतल्या नोकरमाणसाला 'मी इथला आहे' असे वाटावे म्हणून झटत असतो. पहिल्या कामाला कायद्याचे बळ आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने पाचशे कोटींची मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याकडे वळविणे भाग पाडले, आणि हे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. पूर्वी जी शेठजींची मर्जी होती तिचे असे कलम झाले. दुसऱ्या कामाला मात्र कायदा नाही. त्यासाठी माणसे ओळखणारी माणसे लागतात, आणि म्हणून जगभरच्या कंपन्या अधूनमधून मानववंशशास्त्रज्ञांना नोकरीवर घेतात. वन्य जमातींचे कूळ, दैवत आणि सोयरीक यांचा अभ्यास केलेला मनुष्य कंपनीच्या दानधर्माचा आणि आपलेपणाचा कारभारी होतो, ही गोष्ट आपल्याला नवी आणि थोडी गमतीची वाटते.

ती नवी नाही. आमच्या या शहराने असा एक मानववंशशास्त्रज्ञ आठ दशकांपूर्वी पगारावर ठेवला होता. मालक कंपनी नव्हती, निजामाचे सरकार होते. आणि ज्यांना 'आपले' वाटायला लावायचे होते ते नोकर नव्हते, आदिलाबादच्या डोंगरातले राजगोंड होते. एवढा फरक सोडला तर प्रश्न तोच होता. जो पगार देतो त्याच्याच वतीने, ज्यांचे त्याने बिघडवले त्यांचे भले करता येते काय?

मालकाच्या सोयीसाठी मानववंशशास्त्र वापरण्याचा प्रघात त्याच सुमारास अमेरिकेतही पडत होता. शिकागोजवळील हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा प्रचंड कारखाना होता. तेथील कामगारांच्या अभ्यासासाठी एल्टन मेयो यांनी लॉइड वॉर्नर यांचा सल्ला घेतला. वॉर्नर नुकतेच उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींमध्ये तीन वर्षे राहून आले होते. त्यांच्या सल्ल्याने १९३१-३२ साली तारजोडणीच्या एका खोलीत चौदा कामगारांचे निरीक्षण मांडण्यात आले, एखाद्या टोळीचे मांडावे तसे. निष्पन्न असे झाले की कामगारांचा स्वतःचा एक अलिखित कायदा आहे. दिवसाला किती काम करायचे हे ते आपसात ठरवतात, आणि जो जास्त करतो त्याला दंडावर गुद्दा बसतो. व्यवस्थापनाला वाटत होते की आपलेपणा आपण निर्माण करावा. तो तेथे आधीच होता, आणि तो व्यवस्थापनाच्या विरुद्ध होता. आदिलाबादची हकीकत वाचताना ही खोली आम्हाला वारंवार आठवते.

क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ सालचा, व्हिएन्नाचा. डॉक्टरेट तेथलीच, १९३१ ची. पुढे लंडनला मॅलिनोवस्की यांच्या चर्चासत्रात ते बसले, आणि १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांत कोन्याक नागांमध्ये राहिले. १९३८ साली एलिझाबेथ बर्नार्डो या इंग्रज तरुणीशी त्यांचा विवाह झाला; सर्वजण त्यांना बेटी म्हणत. त्याच वर्षी ऑस्ट्रिया जर्मनीच्या घशात गेला आणि सर्व ऑस्ट्रियनांप्रमाणे हायमेनडॉर्फही कागदोपत्री जर्मन झाले. १९३९ साली हे जोडपे हैदराबादला आले आणि पाठोपाठ महायुद्ध पेटले. ब्रिटिश हिंदुस्थानात जर्मन पारपत्र बाळगणाऱ्याची जागा तारेच्या कुंपणाआड होती. निजाम सरकारने मात्र त्यांना आपल्या मुलखात राहून काम करण्याची मुभा दिली. अट एवढीच की संस्थानाबाहेर जायचे नाही. ज्या माणसाने पुढे हजारो कुटुंबांच्या 'आपल्या जागे'चा प्रश्न हाती घेतला, त्याला त्या काळी स्वतःची म्हणावी अशी जागा हैदराबाद संस्थानाएवढीच होती. सक्तीचा मुक्काम एखाद्या विद्वानाला इतका फळला, अशी उदाहरणे थोडी आहेत.

प्रथम ते अमराबादच्या पठारावर चेंचूंमध्ये गेले, नंतर गोदावरीच्या खोऱ्यात कोंडा रेड्ड्यांमध्ये. 'द चेंचूज' हा ग्रंथ १९४३ चा, 'द रेड्डीज ऑफ द बायसन हिल्स' १९४५ चा. हे ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात आपापल्या जागी आहेत आणि त्यांच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. आपला विषय आदिलाबाद आहे.

१९४० साली आसिफाबादच्या डोंगरात, जोडेघाट-बाबेझरीच्या परिसरात कुमरम भीम आणि त्यांचे सोबती निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आज तेथे स्मारक आहे आणि जिल्ह्यालाच भीमांचे नाव आहे. त्या वेळी मात्र सरकारदरबारी तो एक बंदोबस्ताचा विषय होता. जंगल राखीव झाले, राखीव जंगलाच्या हद्दीत गोंडांची शेते सापडली, वनखात्याच्या शिपायांनी वस्त्या उठवल्या आणि झोपड्या जाळल्या, अर्जविनंत्या वाया गेल्या, आणि मग शस्त्र उचलले गेले. हा क्रम आता सर्वांना ठाऊक आहे. तो सरकारी कागदावर प्रथम स्पष्टपणे आणणाऱ्यांत हायमेनडॉर्फ होते. बंडातून वाचलेल्यांशी त्यांनी बोलणी केली. बंडाचे कारण गोंडांच्या स्वभावात नाही, सरकारच्या वनधोरणात आणि खालच्या नोकरशाहीच्या लाचखोरीत आहे, असा त्यांच्या अहवालाचा आशय होता. हा निष्कर्ष ज्यांच्यासमोर ठेवायचा तेच त्यांचे पोशिंदे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

हा निष्कर्ष ऐकून घेणारा एक अधिकारी दरबारात होता, हेही सांगितले पाहिजे. विल्फ्रिड ग्रिग्सन हे मुळात मध्यप्रांतातले आयसीएस. बस्तरच्या माडिया गोंडांवरचा त्यांचा ग्रंथ १९३८ साली निघाला होता. ते या काळात निजामाच्या सरकारात महसूल खाते सांभाळीत होते. 'ट्रायबल हैदराबाद' या नावाने हायमेनडॉर्फ यांचे चार अहवाल १९४५ साली महसूल खात्यानेच छापले आणि त्यांना ग्रिग्सन यांचे प्रास्ताविक होते. स्वतःच्या खात्याच्या अपयशाची हकीकत स्वतःच्या खर्चाने छापणारे खाते आजच्या काळातही शोधावे लागेल. कंपन्यांच्या वार्षिक समाजकार्याच्या चकचकीत पुस्तिका तर सोडूनच द्या!

आता हे गोंड कोण होते हे पाहू. आपलेपणाच्या दृष्टीने त्यांच्यापाशी कशाची वाण नव्हती. प्रत्येक गोंड चार, पाच, सहा किंवा सात भावांच्या 'सगा'त जन्मतो. सगाच्या पोटात कूळ, कुळाचे पेर्सा पेन म्हणजे थोरले दैवत, आणि त्या दैवताची उत्पत्तिकथा तालासुरावर सांगणारा वंशपरंपरेचा परधान. कोणाशी सोयरीक जमेल, कोणाच्या मयताला कोण जाईल, कोणाच्या दैवताचा नैवेद्य कोण खाईल हे सारे ठरलेले. 'मी कुठला?' हा प्रश्न गोंडाला पडण्याचे कारण नव्हते. 'द राजगोंड्स ऑफ आदिलाबाद' या १९४८ च्या ग्रंथात ही सारी वीण हायमेनडॉर्फ यांनी बारकाईने उलगडली आहे. गोंडाला जे नव्हते ते निराळेच होते. त्याच्या नावावर जमीन नव्हती.

हा प्रश्न समजून घ्यायला महसुली भाषेतला एक शब्द पुरतो : शिवाय जमाबंदी. ज्या जमिनीचा पट्टा कोणाच्याच नावे नाही ती कसणाऱ्याने सारा भरायचा, पण सारा भरल्याने ती त्याची होत नाही. गोंड पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालवीत होते, हलक्या जमिनी काही वर्षे पाडून ठेवून दुसरीकडे वळत होते. पाडलेली जमीन कागदावर मोकळी दिसे. मग एक दिवस कोणी कागद जाणणारा येई, तहसिलात अर्ज करी, आणि पट्टा घेऊन गावात उतरे. उर्दूतला तो कागद गोंडाला वाचता येत नसे. काझीपेठ-बल्लारशा हा रेल्वेमार्ग १९२९ च्या सुमारास पुरा झाला आणि जिल्ह्याची पूर्व बाजू बाहेरच्यांना सहज पोहोचण्याजोगी झाली. पश्चिमेकडून तर वाट आधीपासूनच होती.

पश्चिमेकडून कोण आले, हे आपण मराठी वाचकांनी नीट वाचावे. वऱ्हाडातून आणि मराठवाड्यातून कुणबी आले, मराठा शेतकरी आले, ब्राह्मण वतनदार आणि पटवारी आले. पूर्वेकडून तेलुगू कापू आणि कोमटी, सावकारीसाठी रोहिले, आणि दरबारी वशिल्याचे मुसलमान जमीनदार. हायमेनडॉर्फ यांच्या पानांवर या सर्वांची नोंद आहे. निजामी राजवटीत मराठी माणूस कसा दडपला गेला याच्या कथा आपल्या साहित्यात पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्या आहेत. परंतु त्याच राजवटीच्या त्याच कोपऱ्यात आपल्यातले काहीजण गोंडाच्या बांधावर पट्टा घेऊन उभे होते, ही हकीकत मराठीत फारशी लिहिली गेली नाही. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींच्या ग्रंथांतून आदिलाबादचे गोंड येतात ते बहुधा भीमांच्या बंडापुरते.

हायमेनडॉर्फ यांनी सुचवलेला उपाय साधा होता : जो कसतो त्याच्या नावे पट्टा करा, आणि तो पट्टा बिगर-आदिवासीला विकता येणार नाही असे करा. चाळीसच्या दशकात या कामाला गती मिळाली. १९४९ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात अकरा हजारांहून अधिक आदिवासींच्या नावे सुमारे एक लाख साठ हजार एकर जमिनीचे पट्टे झाले. जमिनीच्या हस्तांतरावर बंदी घालणारे आदिवासी क्षेत्रांचे विनियमही याच काळात घडले. एका मानववंशशास्त्रज्ञाच्या शिफारशीवरून इतकी जमीन कसणाऱ्याच्या नावावर चढल्याचे दुसरे उदाहरण हिंदुस्थानात आम्हाला आठवत नाही.

जमिनीइतकीच महत्त्वाची होती शाळा, आणि येथे मराठीचा संबंध अधिक सुखाचा आहे.

उटनूरच्या पठारावर मार्लवाई नावाचे गोंडांचे लहानसे गाव आहे. हायमेनडॉर्फ दांपत्याने तेथे कुडाच्या घरात संसार मांडला होता. १९४३ साली याच गावी गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. कल्पना अशी की गोंडांच्या मुलांना गोंड शिक्षकाने गोंडी भाषेत शिकवावे. पण शिक्षक कोठून आणायचे? जिल्ह्यात अक्षरओळख असलेले जे थोडे गोंड सापडले त्यांना जी अक्षरे येत होती ती मराठीची होती. बाजाराची, सावकाराची आणि शेजारच्या गावाची मराठी गोंडांच्या कानावर होतीच. परधानांची गोष्ट तर आणखी नवलाची. गोंडांच्या दैवतांचे पुराण ते गोंडीत गातात, पण आदिलाबादच्या परधानांच्या घरातली बोली मराठी! म्हणून गोंडीची पहिली वाचनमाला देवनागरीत छापली गेली. ज्या संस्थानात उर्दू ही दरबाराची, न्यायाची आणि उस्मानिया विद्यापीठाची भाषा होती, तेथे सरकारी खर्चाने देवनागरी अक्षरांत गोंडी पाठ्यपुस्तके निघाली. यात कोणी मराठीवर मेहेरबानी केली असे समजू नये. जे हाताशी होते ते वापरले एवढेच. मार्लवाईत शिकून निघालेले तरुण शिक्षक झाले. काहींना पटवाऱ्याच्या आणि वनरक्षकाच्या कामावर घेण्याची योजना होती. ज्या दोन पदांनी गोंडाला सर्वाधिक छळले तीच दोन पदे त्याच्या मुलाच्या हाती द्यायची, यातला व्यवहारी शहाणपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. नोकरीच्या ठिकाणी 'आपलेपणा' हवा असेल तर तो खुर्चीपासून सुरू होतो.

या कामात एक मराठी नाव ठळक आहे, आणि आपल्या वाचकांना ते निराळ्या कारणाने परिचित आहे. शिवकालाचे इतिहासकार, मोगल-मराठा संबंधांचे फारसी कागद मराठीत आणणारे, गालिब आणि इक्बाल मराठी वाचकाला भेटवणारे सेतुमाधवराव पगडी हे हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. निलंग्यात १९१० साली जन्मलेल्या या माणसाला भाषांची भूक विलक्षण होती. आदिलाबादेत आदिवासींसाठीचे विशेष अधिकारी म्हणून काम करताना ते गोंडी शिकले, कोलामीही शिकले, आणि दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ चे. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले ते इतिहासकार म्हणून. गोंडीच्या व्याकरणकाराची आठवण तेव्हा फारशी कोणाला नसावी. अधिकारी जिल्ह्यात बदलून येतो, दोन वर्षे काढतो आणि बदलून जातो, अशा पद्धतीत एखाद्याने वस्तीवरच्या माणसाची क्रियापदे कशी चालतात हे लिहून ठेवावे, ही लहान गोष्ट नव्हे. हायमेनडॉर्फ यांच्या नावाभोवती जी कीर्ती जमली तिच्यातला वाटा पगडींसारख्यांना काढून देणे न्यायाचे होईल.

१९४५ ते १९४९ या काळात हायमेनडॉर्फ आदिवासी व मागासवर्गीयांसाठी निजाम सरकारचे सल्लागार होते आणि उस्मानिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापकही होते. समाजसेवा खाते म्हणून एक नवे खाते निघाले आणि त्याच्या अधिकाऱ्यांना मानववंशशास्त्राचे धडे देण्यात आले. आजच्या कंपन्यांच्या भाषेत याला काय म्हणतील ते वाचकांनी ठरवावे. उस्मानियातील ही परंपरा पुढे श्यामाचरण दुबे यांनी चालवली. हैदराबादजवळच्या शामीरपेट गावावरचा त्यांचा 'इंडियन व्हिलेज' हा १९५५ चा ग्रंथ आजही वाचला जातो.

या सर्व कर्तृत्वावर आक्षेप घेणारेही होते, आणि त्यांतला सर्वांत भारदस्त आवाज मराठी होता. मुंबई विद्यापीठाचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली, म्हणजे मार्लवाईची शाळा निघाली त्याच वर्षी, आदिवासींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आदिवासी म्हणून काही निराळी जात नाही, ते मागासलेले हिंदू आहेत, आणि त्यांना वेगळे राखू पाहणारे परदेशी अभ्यासक व इंग्रज अधिकारी राष्ट्राच्या एकीत बिब्बा घालीत आहेत, असे घुर्ये यांच्या प्रतिपादनाचे सार होते. एल्विन, ग्रिग्सन, हायमेनडॉर्फ हे सारे त्या टीकेच्या पट्ट्यात येत. घुर्ये यांचा संशय निराधार नव्हता. संरक्षणाच्या नावाखाली माणसांचे संग्रहालय करण्याचा मोह त्या काळच्या विद्वानांना होता. तथापि आदिलाबादपुरते बोलायचे तर आम्ही हायमेनडॉर्फ यांच्या बाजूने आहोत. मिसळण्याचा जो अनुभव गोंडांना आला होता तो पट्टा गमावण्याचा होता. ज्याच्याशी मिसळायचे तो हातात कागद घेऊन येत असेल, तर आधी आपल्या हातात कागद असावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. निजामाने हा तज्ज्ञ का पोसला? भीमांसारखे बंड पुन्हा होऊ नये म्हणून. १९४६ पासून तेलंगणात सशस्त्र शेतकरी लढा पेटला होता. अशा वेळी उत्तरेचा डोंगर शांत राहणे सरकारला हवेच होते. अलीकडे भंग्या भुक्या यांनी दख्खनच्या गोंडांच्या इतिहासावरील आपल्या २०१७ च्या ग्रंथात या मुलखाकडे राजसत्तेने वाळीत टाकलेला प्रदेश म्हणून पाहिले आहे. त्या दृष्टीने पाहता सल्लागाराचा परोपकार राज्यविस्ताराचाच एक भाग ठरतो. हे आम्हाला मान्य आहे. मालकाला शांतता हवी होती आणि गोंडाला जमीन. काही वर्षे या दोन गरजा एकाच रस्त्याने चालल्या. हायमेनडॉर्फ यांनी ती वर्षे वाया घालवली नाहीत. परंतु गरज संपली की रस्ताही संपतो, आणि तसेच झाले.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामी राजवट गेली. १९४९ साली हायमेनडॉर्फ लंडनला प्राच्यविद्या संस्थेत गेले आणि १९५१ पासून तेथे प्राध्यापक झाले. पुढे नेपाळमधल्या शेर्पांवरील त्यांचे काम गाजले. इकडे १९५६ साली भाषावार रचनेत संस्थानाचे तीन तुकडे झाले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. त्यातले किनवट आणि राजुरा मराठी बाजूला आले. सीमा आखणाऱ्यांनी तेलुगू मोजली, मराठी मोजली. गोंडी कोणत्या बाजूला हा प्रश्नच नव्हता, कारण ती दोन्ही बाजूंना होती. आंध्रातल्या गोंड मुलाला तेलुगू, महाराष्ट्रातल्या गोंड मुलाला मराठी. देवनागरीतली गोंडी वाचनमाला दोहोंकडेही निरुपयोगी ठरली. आमच्या राज्याच्या मागणीसाठी आम्ही मातृभाषेतून शिक्षणाचा जो युक्तिवाद केला, तो सीमेच्या या बाजूच्या गोंडांना लागू करण्याचे आम्हाला सुचले नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच्या बळावर गोंडी शाळा काढली ती २०१९ साली.

१९७६ साली निवृत्त झाल्यावर हायमेनडॉर्फ पुन्हा आदिलाबादेत आले आणि जुन्या गावांची फिरून पाहणी केली. 'ट्राइब्ज ऑफ इंडिया' हे त्यातून झालेले १९८२ चे पुस्तक खिन्न आणि संतप्त आहे. ज्या जमिनीचे पट्टे आपल्या काळात झाले त्या कशा हातच्या गेल्या, हे त्यांनी गावोगावची उदाहरणे देऊन लिहिले. त्यातच १९७७ पासून तेलंगणातल्या लंबाड्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. महाराष्ट्रात हेच बंजारा विमुक्त जातींत मोडत असल्याने सीमेपलीकडे जाण्याचे आकर्षण वाढले, आणि बिगर-आदिवासीला जमीन न विकण्याचा कायदा त्यांना आडवा येईनासा झाला. हायमेनडॉर्फ यांनी या निर्णयावर कठोर टीका केली. येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. लंबाडे हेही उपेक्षित लोक. बैलांचे तांडे रेल्वेने मोडले आणि माणसे जमिनीच्या शोधात निघाली. गोंडांचा कैवारी त्यांच्याकडे मुख्यतः आक्रमक म्हणून पाहतो, आणि वाचताना त्याच्या करुणेला एक कुंपण आहे असे जाणवते. एका जमातीत आयुष्य काढलेल्या अभ्यासकाचे हे बहुधा अटळ वैगुण्य असावे. भुक्या यांनी लंबाड्यांवर लिहिलेला २०१० चा ग्रंथ म्हणूनच हायमेनडॉर्फ यांच्या शेजारी ठेवून वाचावा.

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता. गोंड तो कधीच मानीत आले नाहीत. जोडेघाटापासून इंद्रवेल्लीपर्यंत चाळीस वर्षे, एक राजवट जाऊन दुसरी आलेली, आणि तक्रार तीच.

जिल्ह्यात उद्योग आले नव्हते असे नाही. सिरपूर कागद गिरणी चाळीसच्या दशकातच सुरू झाली आणि तिच्यावरून गावाचे नाव कागजनगर पडले. गिरणीला बांबू पुरवणारे जंगल तेच, ज्यातून भीमांच्या लोकांना हुसकावले होते. २०१४ मध्ये ही गिरणी बंद पडली आणि २०१८ साली नव्या मालकाने ती पुन्हा चालू केली. झाडावरचा माणूस गिरणीच्या हजेरीपटावर कसा यावा यासाठी मात्र मार्लवाईसारखे केंद्र कोणी काढल्याचे आढळत नाही.

बेटी हायमेनडॉर्फ १९८७ च्या जानेवारीत हैदराबादेत वारल्या. त्यांना मार्लवाईत पुरले. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडनला गेले आणि त्यांच्या अस्थी पुढे, २०१२ साली, मार्लवाईत आणून पत्नीच्या शेजारी ठेवण्यात आल्या. दरवर्षी जानेवारीत गावकरी तेथे जमतात, गोंड रीतीने विधी करतात. दूरदेशीचा माणूस कुळाच्या मृतांत मोजला जाणे हे गोंडांमध्ये सोपे नाही.

गोंडीला लिपी नाही असे हायमेनडॉर्फ धरून चालले होते आणि म्हणून देवनागरी आली, हे वर सांगितले. या समजुतीला पुढे एक दुरुस्ती मिळाली. मार्लवाईच्याच टापूत, नारनूर मंडळातील गुंजाळा या गावी गोंडीची जुनी हस्तलिखिते सापडली, स्वतंत्र लिपीतली. हैदराबादच्या अभ्यासकांनी गावातल्या वृद्ध जाणकारांच्या मदतीने ती लावली, आणि २०१८ साली गुंजाळा गोंडी लिपीचा युनिकोडमध्ये समावेश झाला. इतकी वर्षे त्या मुलखात वावरलेल्या, हजारो छायाचित्रे आणि वह्यांची चळत मागे ठेवणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीला शेजारच्या गावातली पोथी पडली नाही. गोंडांनी ती दाखवली नसेल असेही असू शकते.

केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी आणून देवाला स्नान घालतात. गोंडांची गाऱ्हाणी ऐकायला अधिकाऱ्यांनी कचेरीत न बसता या जत्रेत येऊन बसावे, ही हायमेनडॉर्फ यांची सूचना. त्यांच्याच काळात तेथे पहिला दरबार भरला आणि ती रीत त्यांच्यामागेही टिकली. निजामाचा तालुकदार जाऊन भारत सरकारचा जिल्हाधिकारी आला, आंध्र जाऊन तेलंगण आले. मंडपात खुर्च्या मांडल्या जातात, गोंड रांगेने उभे राहतात, आणि पुढे सरकणाऱ्या अर्जांत जमिनीच्या पट्ट्याचे अर्ज असतातच.